पाकिटापासून चार बोटं

सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. औषधांच्या दुकानाची पाटी रंगवणारी मुलगी शिडीवरून पडली आणि तिच्या उजव्या हासळीचं, म्हणजे गळ्याकडून खांद्याकडे जाणारं, हाड मोडलं. शिडीला धडकलेली सायकल पोस्टमनची होती.

फूटपाथभर पत्रांचा सडा पडला. त्यातलं एकही न उचलता तो तिच्याजवळ बसला.

"चूक माझी. वर बघत होतो."

"अक्षरांकडे?" कळ दाबत तिने विचारलं.

"आधी... अक्षरांकडे."

"हाड जागेवर आहे, ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे हात झोळीत. मग झोळी काढायची आणि रोज व्यायाम. हासळी जुळते हो, पण हात हलवला नाही तर खांदा आखडतो."

घरात ती आणि मावशी, दोघीच. मावशीची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, त्यामुळे तिसऱ्याच दिवशी पेच पडला तो केसांचा. कंबरेपर्यंतचे केस आणि एक हात गळ्यात! चौकशीला आलेल्या पोस्टमनने कंगवा मागितला. दोन धाकट्या बहिणींच्या वेण्या घालत तो मोठा झाला होता.

मग तो रोज साडेसातला, कामावर जाण्याआधी येऊ लागला.

"अहो, पार्सल बांधताय का?"

"नाजूक माल आहे, पेंटरबाई. जपूनच बांधतोय."

मावशी भाजी निवडता निवडता म्हणे, "लोकांचा पोस्टमन पत्रं आणतो. आमचा कंगवा मागतो!"

मानेला त्याच्या बोटांचा ओझरता स्पर्श होई... आणि लगेच 'सॉरी'. तिला त्या सॉरीचीही सवय झाली.

तीन आठवडे संपले. तिने झोळी काढली, घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी सव्वासातला मात्र ती पुन्हा गळ्यात अडकवली. हात वर जायला लागला की वेणी तिची तिला घालता येणार. मग साडेसातला दार कोण वाजवणार? आजचा एकच दिवस, असं म्हणता म्हणता आणखी पाच आठवडे गेले.

"हाड छान जुळलंय," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या आणि तिचा हात उचलू लागल्या. तो खांद्याच्या रेषेत येऊन अडला. "व्यायाम केलाच नाहीस ना? पाटी राहू दे, दोरीवर कपडे तरी टाकता येतील का तुला?"

येताना ती दुकानावरून गेली. पाटी अर्धीच होती. दुकानदार तिच्यासाठी थांबला होता, पण फक्त महिनाअखेरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी अर्धी वेणी झाल्यावर ती म्हणाली, "झोळीची गरज नव्हती. गेले पाच आठवडे."

कंगवा थांबला.

"मग का घातलीत?"

"हात वर गेला असता तर... तुम्ही आला नसतात."

"मी रोज त्या अर्ध्या पाटीखालून जातो," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज वाटतं, हिचा हात माझ्यामुळे गेला. आणि तुम्ही—"

त्याने कंगवा टेबलावर ठेवला. वेणी अर्धीच राहिली.

दोन दिवस साडेसात नुसतेच वाजून गेले. तिने झोळी मावशीच्या हवाली केली. मावशीने तिचं फडकं करून टाकलं.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. त्याच्या हातात पेन्सिल होती.

"वेणी मिळणार नाही. भिंतीजवळ ये."

'ये' म्हणाला. मावशीने भाजीतून मान वर केली.

भिंतीवर बोटांनी चालायचं, मुंगीसारखं, वर वर. दुखून डोळ्यांत पाणी आलं की थांबायचं. जिथे बोटं थांबली तिथे त्याने रेघ मारली, शेजारी तारीख घातली. मग खिशातून एक पाकीट काढलं आणि तिचा हात पूर्ण वर गेला तरच पोचेल अशा उंचीवर चिकटवलं.

"टाचा उचलायच्या नाहीत. शिडी लावायची नाही."

"काय आहे त्यात?"

"पोस्टमन पत्र फोडून वाचत नसतो."

"लिहिलंय कुणी, तेवढं तरी..."

"मागे नाव आहे पाठवणाऱ्याचं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आता तो रोज येतो, रेघ मारतो, जातो. वेणी ती स्वतःच घालते, वाकडीतिकडी. महिना संपायला नऊ दिवस आहेत. काल, गुरुवारी, रेघ पाकिटापासून चार बोटं खाली होती. शिडी दारामागेच उभी आहे. तिला अजून कुणी हात लावलेला नाही.