बारा खोकी आणि एक गिऱ्हाईक

"घ्यायचं काही नाहीये. कुठली ग्राफिक्स कार्डं किती विकली, तेवढं सांगाल?"

पनवेलच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात, पण असं विचारणारा हा पहिलाच. इस्त्रीचा शर्ट, हातात वही आणि डोळे... जाऊ दे.

"चौकशीचे पैसे पडतात," मी म्हटलं.

"चहा चालेल?"

चालला. मिथुन नाव त्याचं, खारघरला बँकेत नोकरी. उलव्यात फ्लॅट बुक करायला साठवलेले तीन लाख त्याला या कार्डांची चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या शेअरमध्ये टाकायचे होते. हिरव्या खोक्यावाली की लाल खोक्यावाली, एवढंच ठरत नव्हतं. म्हणून दर शनिवारी येऊन तो आमच्या फळीवरची खोकी मोजायचा. आणि मी, खरं सांगते, शुक्रवारी रात्रीच केस धुवायचे.

२०१८च्या मार्चमध्ये हिरवी खोकी संपली. मिथुन हरखला. "किशोरी, ठरलं! सगळे पैसे हिरव्यात!"

"अहो, बाराच्या बारा एकाच माणसानं नेलीत. गेम खेळायला नाही, बिटकॉइन काढायला. आमची आई मासळी बाजारात बसते, ती म्हणते, ज्याचे घरान चूल हाय, तोच गिऱ्हाईक. बाकीचा उद्या तुझेच समोर इकाला बसंल."

"चिप म्हणजे बोंबील नव्हे गं," तो हसला.

हसला ना, तिथेच माझी सटकली. "मग बुडा खुशाल! या कार्डांच्या धंद्यात आता तिसरी कंपनीपण उतरतेय म्हणे."

वही मिटून तो गेला, तो गेलाच. शनिवारमागून शनिवार गेले. मी आपली केस धुतेय, मूर्खासारखी.

दिवाळीपर्यंत बिटकॉइनचा भाव पार उतरला आणि तोच बारा खोकीवाला आला, सगळी कार्डं अर्ध्या भावात विकायला. पुढच्याच आठवड्यात पेपरात बातमी : हिरव्या कंपनीचा शेअर धाडकन खाली. माझंच खरं ठरलं होतं, पण आनंद कसला? त्याचा फ्लॅट गेला!

रविवारी आईच्या मदतीला बाजारात बसले होते, तर टोपलीसमोर मिथुन उभा.

"बुडालात?" मी घाबरतच विचारलं.

"नाही. त्याच दिवशी शेअरचा फॉर्म भरला... आणि ती चूल आठवली. फाडून टाकला. फ्लॅट बुक केलाय."

"मग इतके महिने सांगायला काय झालं होतं?"

"तुझ्यावर हसलो होतो ना... तोंड कुठे होतं? पण किशोरी, मला तू आवडतेस. फार आवडतेस."

आईनं कोयता थांबवला. त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"इकाला नेतंस का खावाला?"

"खायला, मावशी."

तिनं टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट काढून माझ्यापुढे ठेवलं. मी खाली मान घालून म्हटलं, "शनिवारी उलव्याला येते मी."

"शनवारी मासली कोन खातं गो?" आई ओरडली.

"मासळी नाही, आई. स्वयंपाकघर बघायला."