वकाराचे स्थान

मंगळावरील अरुणतळ वसाहतीच्या अन्नशास्त्र प्रयोगशाळेत त्र्यंबकशास्त्री धामणकर प्रथमच पाऊल ठेवीत होते. सव्वीस वर्षे ते वसाहतीत वेदपठणाची संथा देत आले होते. गुरूने एकदा म्हणावे, शिष्याने दोनदा. याहून वेगळा मार्ग त्यांना मान्य नव्हता. पठणाचे ध्वनिमुद्रण त्यांनी कोणालाही कधी करू दिले नाही. मागे त्यांची एकमेव शिष्या पल्लवी उभी होती. दहा वर्षे शिकवून, ती सतरा वर्षांची असताना, त्यांनी तिचा पाठ बंद केला होता. त्याला आता पाच वर्षे झाली.

“बाई, आपला निरोप मिळाला,” शास्त्रीबुवा डॉ. निवेदिता आठल्ये यांना म्हणाले. “‘व’ हा वर्ण दंत्योष्ठ्य. वरचे दात खालच्या ओठास टेकले पाहिजेत. ही मात्र दोन्ही ओठांनी म्हणत राहिली. मी त्याला आळस म्हटले. आपण म्हणता, दोष तंतुघासाचा?”

“माझा. तंतुघास मी रचला.”

आठल्येबाईंनी टेबलावरची तंतुघासाची वडी बोटांनी उभी फाडली. तिचे पदर सुटले.

“वाटाण्याचे प्रथिन उष्णतेने उलगडते, दाबाखाली एका दिशेने ओढले जाते आणि निवताना पदरापदरांनी घट्ट बसते. त्यात मी भाताच्या तुसाचे तंतू मिसळले. येथे गुरुत्व कमी, हाडे विरळ होतात. निदान जबडा तरी चावून बळकट राहावा, हा हेतू. तो राहिला. पण तुसात वाळूचा अंश असतो, तो मी क्षुल्लक मानला. दहाएक वर्षांत दातांच्या कडा झिजतात. मग वरचे दात खालच्यांच्या पुढे राहत नाहीत, नेमके त्यांवर टेकतात. ओठाला दात सापडत नाही. ओठच ओठाला भेटतो.”

शास्त्रीबुवांच्या कपाळावरची आठी विरली.

“म्हणजे पोरीचा अपराध नव्हे. पल्लवी, मी तुला क्षमा करायला आलो होतो. आता त्या क्षमेचीही गरज उरली नाही.”

“गुरुजी,” पल्लवी म्हणाली, “अठरा पुरी होईपर्यंत तंतुघास देतच नाहीत. घशात अडकतो म्हणून. तुम्ही मला घालवलंत तेव्हा मी खिमटच खात होते.”

शास्त्रीबुवांची जीभ नकळत स्वतःच्या पुढच्या दातांवरून फिरली. कड पाटीसारखी सरळ होती.

“मग तू तसे का म्हणत होतीस?”

“तुम्ही म्हणत होतात तसं म्हणत होते. मला दुसरा ‘व’ ठाऊकच नव्हता.”

“अशक्य. माझा ‘व’ मी रोज ऐकतो.”

“शास्त्रीबुवा, स्वतःचा उच्चार माणूस पुष्कळदा आठवणीनेच ऐकतो,” आठल्येबाई हलकेच म्हणाल्या. “पठण आपण मुद्रित करू दिले नाहीत. पण आगमनाच्या दिवशीची आरोग्यनोंद आहे.”

त्यांनी कळ दाबली. सव्वीस वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज उमटला : “माझे नाव त्र्यंबक वामन धामणकर.” दोन ठिकाणी दात ओठाला पुसटसा स्पर्शून गेले.

शास्त्रीबुवांनी तेच वाक्य उच्चारले. या वेळी मात्र त्यांनी ते कानांनी ऐकले. ते खुर्चीत बसले.

त्यांनी विचारले, “तुझे पाठांतर किती उरले आहे?”

“पाच वर्षांत आवृत्ती नाही, गुरुजी. निम्मं गेलं.”

“आणि उरलेल्या निम्म्यात?”

“‘व’ तुमचाच आहे.”

त्यांनी मान हलवली. मग स्वतःचाच नियम मोडून म्हणाले, “बाई, ती नोंद पुन्हा लावा. पल्लवी, नीट ऐक. माझ्याकडे पाहू नकोस.”

पल्लवीने डोळे मिटून ऐकले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवले. सावकाश म्हणाली, “माझे नाव त्र्यंबक वामन धामणकर.”

‘व’ आपल्या स्थानी होता.

शास्त्रीबुवा उठले, तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि संथेच्या रीतीप्रमाणे ते वाक्य दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा ओठच ओठाला भेटला.