बुवांचा उजवा हात

देवळाच्या पायरीवर प्रेमला अशी काही घाईनं वळली, की तिची औषधांची पेटी समोरून येणाऱ्याच्या गुडघ्यावर आदळली.

"अगंबाई... लागलं का?"

"लागलं तर!" तो हसला. "नर्सबाई टोचतात एवढंच ऐकलं होतं. ठोकतातही?"

फेटा, उपरणं, हातात चिपळ्या... हेच ते तरुण कीर्तनकार, वेणीमाधवबुवा! दोन दिवस आपण खांबाआडून त्यांचं कीर्तन जिवाचा कान करून ऐकतोय, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

सोलापूरच्या त्या विणकरांच्या पेठेत उंदीर मरून पडू लागले होते. मुंबईला नर्सिंगची परीक्षा देऊन, नर्सेसच्या रजिस्टरात नाव नोंदवून प्रेमला म्युनिसिपालिटीत आली त्याला जेमतेम महिना. प्लेगची लस घेऊन चाळीस घरं फिरली. एकानंही दंड पुढे केला नाही. हात सुजला तर मागावर धोटा कोण फेकणार?

"तुम्ही कीर्तनातून सांगा ना, बुवा."

"नुसतं सांगून काय व्हायचंय? उद्या पूर्वरंग संपला की मलाच टोचा. सगळ्यांदेखत."

"ताप येईल. हात दोन दिवस जड होईल. खोटं नाही सांगणार मी."

"म्हणून तर टोचून घेतोय... तुमच्याकडून."

प्रेमला उगाचच पेटीच्या कडीशी झटापट करू लागली.

दुसऱ्या दिवशी पूर्वरंग संपला, रिवाजाप्रमाणे बुवांना हार घातला, बुक्का लावला. त्यांनी डावी बाही वर केली, तोच विणकरांचा म्होरक्या मायाप्पा ओरडला, "उजव्या हातात टोचा की! आमचा बी त्योच चालतोय. उद्या चिपळ्या वाजल्या तर आमी बी टोचून घेतो. न्हाय वाजल्या, तर बाईनं हितं पाय ठिवायचा न्हाय!"

बुवांनी उजवा दंड पुढे केला.

तिसऱ्या दिवशी मंडपात मुंगीला वाट नव्हती. बुवा उभे राहिले. चेहरा तापानं लालबुंद. नामघोष सुरू झाला, चिपळ्या उचलल्या... आणि हात अर्ध्यावरच थांबला.

"मेला की वो हात!" मायाप्पा उठलाच. त्याच्यामागं निम्मा मंडप उठू लागला.

ही माणसं आता गेली, तर चार दिवसांत यांच्यातली किती उरतील?... बायकांतून उठून प्रेमला थेट पुढे आली.

"मेला नाही, मायाप्पाकाका, दुखतोय! उद्याही दुखेल, परवा चालेल. घरात एकेकानं टोचून घ्या. एकाचा हात थांबला, तर त्याच्या घरचं दुसरं कुणी माग धरेल."

"आन् बुवांच्या घरचं कोण हाय हितं?" मायाप्पानं खोचून विचारलं.

प्रेमला बुवांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी," ती म्हणाली.

बायकांत कुजबुज उठली. तिनं बुवांच्या हातातून चिपळ्या घेतल्या. पहिला ठोका चुकला, दुसरा बसला.

मायाप्पा तिच्याकडे बघतच राहिला. मग वळून थोरल्या पोराला म्हणाला, "मोठ्या, बाही वर कर. धाकटा बसंल मागावर. तुजा हात चालू झाला की मग मी हायेच टोचून घ्यायला."

"प्रेमला..." बुवा पुटपुटले, "आत्ता म्हणालीस ते... खरंच?"

"ताप आहे तुम्हाला, जास्त बोलू नका," ती खालमानेनं हसली. "ताल मी धरलाय. तुम्ही गा."