सिसिलीच्या गालावरचा रंग

"हे माझ्या बायकोचं चित्र नाही," म्हातारे इंग्रज कवी ॲम्ब्रोज थर्ल्बी म्हणाले. "कोणीतरी बदललंय."

खिडकीबाहेर व्हेनिसचा कालवा धुक्यात विरघळला होता. कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येत होता, होडी दिसत नव्हती.

गुप्तहेर ओताविया मोरोसिन चित्राजवळ वाकली. तिचे नेहमीचे सोबती डॉक्टर फोस्को मात्र गोंधळले. "पण साहेब, तुमची नजर जाऊन बारा वर्षं झाली. कळलं कसं?"

"ती गेल्यापासून रोज सकाळी मी चित्रातल्या सिसिलीच्या गालावरून बोट फिरवतो, मग ओळी सुचतात. गाल शिंपल्यासारखा गुळगुळीत होता. सोमवारी बोटाला रंगाचे उंचवटे लागले. तेव्हापासून एक शब्द सुचलेला नाही. हे रुपर्टचंच काम. पुतण्या म्हणून घरात घेतला! उद्या त्याला बाहेर काढतो."

"सिसिलीबाईंच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता?"

"होता. पण ती कायम पावडरखाली झाकायची. चित्र काढताना माझ्या मित्रानं, अल्विझेनं, तिला तोंड धुवायला लावलं, म्हणून तो चित्रात आला. तिचं दुसरं चित्र नाही, फोटोही नाही."

स्वयंपाकघरात मोलकरीण झानेत्ता आर्टिचोकची हिरवी बोंडं सोलत होती. "तेच चित्र आहे हो बाई! साहेबांची बोटं म्हातारी झालीत, दुसरं काय?"

"रविवारी घरात कोण होतं?"

"साहेब आणि रुपर्ट प्रार्थनेला गेले होते. मी एकटीच."

"आठ वर्षांपूर्वी तू कामाला लागलीस, तेव्हा तो गाल कसा होता?"

सुरी थांबली. "गाल होताच कुठे? घासून गुळगुळीत झालेलं नुसतं कापड उरलं होतं. पण साहेबांना सांगायचं कोणी?"

रुपर्ट जिन्यात भेटला. बोटं निळ्या रंगानं माखलेली. "काका मलाच धरणार. मी संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करतो ना! पण मी आलो दीड वर्षापूर्वी. काकूंना तर मी पाहिलंही नाही."

तो गेल्यावर डॉक्टर कुजबुजले, "झालं की! नकलाच करतो, घरातच राहतो."

"आणि नाहीसा झालेला गाल त्यानं कशावरून काढला, डॉक्टर?"

दुपारी तिनं चित्रकार अल्विझे नार्दोला बोलावून घेतलं. पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा कवीसमोर मान खाली घालून बसला.

"चित्र खरंच बदललंय," ओताविया म्हणाली. "कापडाला अजून रंगात मिसळलेल्या अक्रोडाच्या तेलाचा वास आहे, म्हणजे रंग ताजा आहे. नक्कल उत्तम आहे, पण नक्कल करणारा जे दिसतं तेच उतरवतो. झानेत्ता आली तेव्हाच गाल गेला होता, म्हणजे रुपर्टला तीळ कधी दिसलाच नाही. तो जागेवर बसवणारा माणूस एकच, ज्यानं तो पहिल्यांदा रंगवला. रविवारी साहेब आणि रुपर्ट बाहेर होते. दार झानेत्तानं उघडलं, म्हणून तर ती चित्र तेच आहे असं सांगत राहिली."

"अल्विझे?" कवींनी विचारलं.

"तुझ्या बोटांनी ती पुसली जात होती रे. डोळ्यापर्यंत पोचला होतास. उरलेली तरी वाचावी म्हणून नेली. माझ्याकडे सुखरूप आहे."

कवींनी स्वतःचे हात मांडीवर उलटे ठेवले, परक्याचे असावेत तसे. "मीच?"

कवी म्हणाले, "रुपर्टला बोलवा. मला त्याची माफी मागायची आहे." मग अल्विझेकडे वळून, "जुनी तुझ्याकडेच ठेव. पाहणाऱ्यांना दिसू दे. ही मला राहू दे."

"राहू दे. पण रंग आतून कच्चा आहे. सहा महिने हात लावायचा नाही."

"सहा महिने! माझं वय ठाऊक आहे ना? मग मी करू काय?"

"मी रोज येईन. दिसेल ते सांगेन."

धुकं विरळ झालं होतं. कवी खुर्चीत मागे टेकले.

"मग सांग. आत्ता ऊन कुठे पडलंय तिच्यावर?"

अल्विझेनं खुर्ची जवळ ओढली.

"केसांवर," तो म्हणाला. "पण थांब, खाली उतरतंय."