पटाशीचे दात

घोड्याचा डावा कान गेलाय हे सकाळी पहिल्यांदा छोट्या मिस्त्रीने पाहिलं, आणि तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आजोबा चहाचा कप हातात घेऊनच सुतारकामाच्या कारखान्यात धावले.

डुलत्या घोड्याचं लाकडी डोकं खाली फळीवर ठेवलेलं होतं. उजवा कान जागच्या जागी. डाव्याचा नुसता खुंट!

"हे पटाशीचंच काम!" खुंटावरच्या खाचांवरून बोट फिरवत आजोबा म्हणाले. सगळ्यांनी फिरकीकडे पाहिलं.

पाहणारच! दोन्ही कान तिच्या मामेभावाने कोरले होते. तेव्हापासून आजोबा त्याला 'छोटा मिस्त्री' म्हणत. फिरकीने पटाशी मागितली की मात्र, "तुझा हात घाईचा आहे गं." कालच ती सर्वांदेखत बोलली होती, "कान कसले, कोबीची पानं ती!"

"मी नाही केलं!"

"मग कोणी? सुट्टीभर कारखान्यात पाऊल टाकायचं नाही!"

तिचा धाकटा भाऊ रडकुंडीला आला. पुढचे दात पडल्यापासून त्याला सगळे बोळक्या म्हणत. "मी पण नाही चावलो! माझे पटाशीचे दात आहेतच कुठे?"

"अरे बावळटा, आजोबा अवजाराबद्दल बोलतायत!" छोटा मिस्त्री खो खो हसला.

फिरकी मात्र हसली नाही. तिने वाकून पाहिलं. प्रत्येक खाच जोडीची होती, मधे बारीक उभी रेघ!

आजोबा गेल्यावर तिने छोट्या मिस्त्रीला विचारलं, "ए, पटाशीने तासलं की काय पडतं?"

"छिलके. गोल गोल."

"इथे कुठंय? नुसता चुरा! आणि एका पटाशीच्या दोन खाचा? बोळक्या बरोबर बोलला. हे दात आहेत!"

दुपारी आजोबा झोपले. छोट्या मिस्त्रीने तिला आणि बोळक्याला गुपचूप आत घेतलं. "आजोबांनी पाहिलं तर मी तुला ओळखत नाही!"

आजी होती तेव्हा कारखान्याचं मागचं दार तीच लावायची. ती गेल्यापासून ते काम कोणाचंच नव्हतं. आजही दार उघडंच होतं. तिघं फळ्यांमागे दडले.

"माझा एकच कान उरलाय हं," छोटा मिस्त्री पुटपुटला.

दारातून एक गुबगुबीत ससा टुणकन आत आला!

"शेजारच्या शिंपीकाकांचा!"

ससा थेट घोड्याच्या उजव्या कानाशी गेला. रिकामी टोपली फिरकीच्या हातात होती. पण हात उठेना. घेऊ दे की एक चावा! पुरावाही पक्का होईल, आणि छोट्या मिस्त्रीचा हाही कान...

सशाने तोंड उघडलं. फिरकीने झेप घेतली. धप्प! ससा टोपलीखाली!

आरडाओरडा ऐकून आजोबा आले, शिंपीकाका आले.

"शक्यच नाही!" काका म्हणाले. "पिंजऱ्याचं दार मी स्वतः दोऱ्याने बांधलंय!"

"दोऱ्याने?" आजोबांनी कपाळाला हात लावला. "अहो, सशाला?"

"त्याला खायला काय देता?" फिरकीने विचारलं.

"दुधात भिजवलेला पाव. फार लाडका आहे."

"काका, सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात! गवत, काड्या चावून ते झिजवावे लागतात. पावाने कसे झिजणार?"

शिंपीकाकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. आजोबा हसले. "शाब्बास पोरी! मी एवढा जुना मिस्त्री, पण खाच तू ओळखलीस. चुकलो मी. ही घे पटाशी. डावा कान तूच कर."

फिरकी घोड्याच्या उजव्या कानासमोर बसली. तिचं पहिलं लाकूड फुटलं. दुसरंही फुटलं.

"सांगू का कसं ते?" छोट्या मिस्त्रीने विचारलं.

"काही नको!"

ती पुन्हा त्या कानाकडे पाहू लागली. कड कशी पातळ होत गेली होती, आतला खोलगट भाग कसा अलगद वळला होता! हे त्याला जमलं तरी कसं?

संध्याकाळी तिचा कान बसला. जरा जाड होता, पण कानच होता. आजोबांनी दोघांची पाठ थोपटली. बोळक्याने टाळ्या वाजवल्या.

उजवा कान सुरेख झालाय, हे मात्र फिरकीने छोट्या मिस्त्रीला अजून सांगितलं नव्हतं.