पात्याच्या पोटातली ठकठक

वहिनींचं काम ऐकायचं. पवनचक्कीचं पातं आडवं थांबवायचं, चक्की फिरू नये म्हणून आपलं कुलूप लावायचं आणि पात्याच्या पोटात रांगत शिरून हातोडीने ठोकत जायचं. खणखणीत वाजलं तर पातं धड; बद्द वाजलं की आत भेग.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं, पण वाऱ्याचं नाव नव्हतं. आत डिंकासारखा उग्र वास आणि मिट्ट काळोख. पातं निमुळतं झालं तिथे वहिनींचे खांदे अडले. त्यांनी शेवटचा ठोका दिला. खणखणीत.

पलीकडून आलं... ठक.

पलीकडे तर मांजरही मावलं नसतं. वहिनींच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्यामागोमाग राग.

"कोण आहे रे? समोर ये की!"

ठोके मात्र चालूच. थांबून, ऐकून, पुन्हा... कामात मुरलेल्या हाताचे. टोकाकडून इकडे सरकत आले आणि एका जागी बद्द वाजले. पुन्हा तिथेच. बद्द.

वायरलेसवर खालून साहेब ओरडले, "वहिनी, डुलकी लागली का? कुलूप काढा, चक्की सुरू करायचीय!"

"पुढे भेग आहे, साहेब."

"तिथवर हात पोचला तुमचा?"

"माझा नाही..."

"मग काय भुताचा? गुपचूप खाली या, नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

"बसते की! पण खालून रस्ता जातो, लेकुरवाळी माणसं जातात. पातं तुटून पडलं तर? किल्ली मी देत नाही, जा."

खाली येऊन वहिनी किल्ली मुठीत धरून फाटकाशी बसल्या, त्या हलेचनात. शेवटी त्यांना खोटं पाडायलाच साहेबांनी क्रेन मागवली. पातं उतरवून नेमकं त्या जागी कापलं. भेग होती. बोट जाईल एवढी.

बॅटरी घेऊन साहेब टोकाच्या तुकड्यात डोकावले आणि झटकन मागे सरले. ठोकून झालेल्या जागी खडूची फुली मारतात, तशा फुल्या आत थेट टोकापर्यंत... ताज्या. कापलेल्या कडेपाशी शेवटची, तीही अर्धीच.

"हात लावू नका, वहिनी... चला इथून."

"वा! त्याने एवढं काम केलं, ते अर्धवट ठेवू?" वहिनींनी खिशातला खडू काढून उरलेली रेघ ठसठशीत ओढली.

तुकड्यातून काहीच आलं नाही. आवाज आला तो वरून, चक्कीला उरलेल्या दुसऱ्या पात्यातून...

बद्द.