चार नंबरचं दार श्वास घेतं

२०.९

"मी एका माणसाला मारलंय का, एवढं मला शोधून द्या," ती बाई म्हणाली.

भावजींच्या हातातला चष्म्याचा फडका तसाच राहिला. या खोलीत लोक "कुणी मारलं" असं विचारत येत. स्वतःबद्दल विचारणारी ही पहिलीच.

वहिनींनी मात्र खुर्ची पुढे सरकवली. खाजगी तपासाचा धंदा सुरू करण्याआधी त्यांनी विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी संपल्यापासून ते वहिनींची गाडी आणि स्वतःचं डोकं, दोन्ही सावकाश चालवत.

"मारलं असेल तर तुम्हाला ठाऊक असायला हवं," भावजी म्हणाले.

"तोच तर घोळ आहे. मी कंपायलर लिहिते. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारा प्रोग्राम. उतरवताना तो फालतू कामं गाळतो, म्हणजे यंत्र पळतं. यंदा मी त्याला जास्त गाळायला शिकवलं."

"सोपं करून सांगा. आमचे भावजी आहेत इथे."

"स्वयंपाकघरात दोन डबे आहेत, साखरेचा आणि मिठाचा. साखरेच्या डब्यात डोकावून तुम्ही पाहिलं, अर्धा भरलाय. मग कुणी मिठाच्या डब्यात काही ओतलं. साखरेचा डबा परत उघडून बघाल का?"

"कशाला बघू?"

"माझा कंपायलरही बघत नाही. प्रकार वेगळा, म्हणजे जागा वेगळी. आधी तो पुष्कळ प्रकार एकाच गठ्ठ्यात धरायचा आणि संशयानं परत परत बघायचा. मी त्याला बारकाईनं फरक करायला शिकवलं. नियमानं चालणाऱ्यांचं त्यात भलंच होतं. पण एखाद्यानं एकाच डब्याला दोन चिठ्ठ्या चिकटवल्या असतील तर? मीठ म्हणून ओततो, साखर म्हणून वाचतो?"

"तर डबा बदललेला कळणारच नाही," वहिनी म्हणाल्या.

"नाही कळत. एका शीतगृहात सफरचंदं ठेवतात. खोलीतला ऑक्सिजन काढून घेतात, म्हणजे फळ वर्षभर तसंच राहतं. माणूस मात्र आत गेला की दोन श्वासांत पडतो. म्हणून दारावर आकडा असतो. यंत्र सुरू होताना आधी बाहेरची हवा मोजून घेतं, वीस पॉइंट नऊ. मग खोलीची मोजायला लागतं. त्यांच्या प्रोग्राममध्ये ती दोन चिठ्ठ्यांची चूक आहे. माझी नवी आवृत्ती आम्ही निवडक लोकांना वापरायला दिली होती, त्यांनाही. चूक दिसल्यावर मी कळवलं होतं. मंगळवारी सकाळी त्यांनी नवा प्रोग्राम चढवला. दुपारी कोठीवाला चार नंबरच्या खोलीत गेला आणि मेला. दारावर विसाच्या वरचा आकडा होता."

"तुम्ही स्वतः चालवून पाहिलात तो प्रोग्राम?"

"पाहिला. वीस पॉइंट नऊ दाखवून बसला. आत काय चाललंय बघावं म्हणून एक ओळ जास्त घातली, तर लगेच खरं बोलायला लागला. ओळ काढली की परत खोटं." तिनं दंड चोळले. "कुणी बघतंय हे त्याला कळतं असं वाटतं."

"खोटं बोलतो तेव्हा आकडा मागेपुढे होतो?"

"नाही. एकदा हातात धरला की धरला. बंद करेपर्यंत तोच."

वहिनी उठल्या. "भावजी, गाडी काढा."

२०.८

शीतगृहाच्या बोळात चार जाड दारं होती. प्रत्येकावर हिरवा आकडा, खाली तळहाताएवढी काच. भावजींनी चार नंबरच्या काचेला नाक लावलं. मंद दिव्यात सफरचंदांच्या पेट्या छतापर्यंत गेल्या होत्या. वास नाही, माशी नाही, सुरकुती नाही. काही मेलं नव्हतं आणि काही जिवंतही नव्हतं. आकडा म्हणत होता २.१. भावजींनी आपण श्वास घेतोय ना, हे तपासून पाहिलं.

मालकीणबाईंचे दोन जावई हे शीतगृह चालवत. थोरल्याकडे यंत्रघर, धाकट्याकडे कोठी. मेला तो धाकटा.

"गेल्याच महिन्यात मी सांगून टाकलं होतं," मालकीणबाई वहिनींना म्हणाल्या. "माझ्यामागे सगळा कारभार धाकट्यानं बघायचा. थोरला हुशार आहे, पण माणसं तोडतो." त्यांनी पदर तोंडाला लावला. "धाकटी लेक माझी, तो गेल्यापासून बोलत नाही. नुसती त्या दारापुढे येऊन उभी राहते."

२०.९, २०.६, २०.९

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचे कान यंत्राच्या घरघरीनं गेले होते. वहिनी त्याच्या कानाशी वाकून विचारत होत्या, त्यामुळे बोळाच्या टोकाला उभ्या भावजींना फक्त उत्तरं मिळाली.

"हो, मीच होतो! पेट्या काढायच्या होत्या ना त्या दिवशी!"

"आकडा बघून म्हणाले, हवा आली वाटतं, तू गाडी घेऊन ये. चांगला माणूस हो."

"वीसच! पण... हसाल तुम्ही."

"हलत होता. वीस पॉइंट नऊ, सहा, परत नऊ. सावकाश. माझ्या तान्ह्या नातवाचं पोट हलतं ना झोपेत, तस्सा. मला वाटलं खोली श्वास घेतेय. अंगावर काटा आला."

"एकदा तर असा झटकाच बसला. अठरा, सतरा, परत अठरा. मग शांत."

"नाही, ते दार उघडत होते तेव्हा तर एकदम निश्चल."

"परत आलो तर आकडा विझलेला. पार काळा. दार अर्धवट उघडं, आणि उंबऱ्याच्या आत त्यांचा हात. तो धरून ओढलं आणि मग बोंब मारली."

"श्वास त्यांचाच होता हो तो! आधीच येऊन बसला होता दारावर!"

भावजींनी नकळत बोळातल्या सगळ्या आकड्यांकडे पाहिलं. ते स्थिर होते.

२०.९

नियंत्रणाचा प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ घामाघूम झाला होता.

"माझा प्रोग्राम दहा वर्षं बिनबोभाट चालला. यांनी कंपायलर बदलला आणि माणूस गेला. यांना विचारा!"

"एका डब्याला दोन चिठ्ठ्या तुम्ही लावल्यात ना?" वहिनींनी विचारलं.

"तेव्हा सगळेच लावायचे."

"या बाईंचा इशारा मिळाला होता?"

"मिळाला. मालकीणबाईंच्या खोलीत मीच वाचून दाखवला. नवीन आवृत्तीत जुना आकडा दिसू शकतो म्हणून. दोन्ही जावई होते तिथे."

"मग तुम्ही काय केलंत?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "बघतो म्हणालो."

कंपायलरवाली पुटपुटली, "बघतो."

भावजींना वाटलं, प्रकरण मिटलं. आळशी प्रोग्रामवाला आणि घाईची बाई, निम्मा निम्मा दोष. त्यांनी गाडीची किल्लीही काढली.

"ठेवा ती खिशात," वहिनी म्हणाल्या.

२०.४

थोरले जावई बोळाला लागूनच असलेल्या यंत्रघराच्या दारात भेटले. घशात खवखव होती, दर वाक्याला खोकला.

"गारठ्यात जन्म गेला, ताई. हा जात नाही आता. काय सांगू? साडू नव्हता, भाऊ होता माझा. खोलीत हवा सोडायला अजून अवकाश होता. त्यानं आकड्यावर विश्वास ठेवला."

"तुम्ही कुठे होतात?"

"वजनकाट्यावर. बोंब ऐकली आणि धावत इथे आलो. पहिल्यांदा मेन स्विच पाडला. म्हटलं, या मेल्या आकड्यानं आणखी कुणाला आत ओढू नये."

"बोंब ऐकल्यावर पाडलात?"

"मग? आधी कशाला पाडीन?"

यंत्रघर म्हणजे जेमतेम दोन माणसांची जागा. भिंतीतून चार बारीक नळ्या येत होत्या, एकेका खोलीतली हवा ओढून आणणाऱ्या. त्यांच्या टोकाशी मापकं आणि वर दारावरचेच आकडे दाखवणारा पडदा. तीन नळ्यांच्या जोडांवर धुळीचा थर होता. चौथीचा जोड लख्ख.

वहिनींनी भावजींना जवळ बोलावलं. "भावजी, पडद्यावर चार नंबर वाचता येईल असं उभं राहा. आता ती नळी हातात धरली आहे असं समजा. मापकाचं उघडं टोक कुठे येतं?"

भावजींनी मूठ वर केली. "माझ्या... हनुवटीशी."

२.१

मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. धाकटी लेक भिंतीला टेकून उभी होती.

"दोष कंपायलरचा असता," वहिनींनी सुरुवात केली, "तर आकडा काय करता?"

"वीस पॉइंट नऊवर अडकता," कंपायलरवाली म्हणाली. आणि मग तिचा चेहरा बदलला. "अडकता! हलला कसा?"

"हलला म्हणजे यंत्र दर वेळी नव्यानं बघत होतं. खरं तेच सांगत होतं. फक्त खोलीतली हवा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती." वहिनी प्रोग्रामवाल्याकडे वळल्या. "बघतो म्हणालात, आणि नंतर खरंच बघितलंत. हो ना?"

त्यानं मान खाली घातली. "नवी आवृत्ती वापरली, पण तो प्रकारांचा नियम बंद करायचा एक स्विच असतो, तो लावला. सगळं परत परत बघायचं, जुन्या पद्धतीनं. यांना मी फक्त प्रोग्राम दिला, स्विच सांगितला नाही."

"माणूस गेल्यावरही गप्प बसलात?" भावजींनी विचारलं.

"स्विचचं सांगितलं असतं तर कंपायलर सुटला असता. मग माझ्याशिवाय कोण उरत होतं?"

"उरत होतं," वहिनी म्हणाल्या. "ज्याला इशारा ठाऊक होता, पण निम्माच. जुना आकडा दिसतो हे त्यानं ऐकलं. जुना आकडा हलत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं चौथी नळी जोडातून काढली. मापकाला उघडी हवा मिळाली, दारावर वीस चढले. नळी हातात, तोंड मापकापाशी, डोळे पडद्यावर. आपण सोडतो त्या श्वासात ऑक्सिजन कमी असतो. दर श्वासाला आकडा उतरला आणि परत चढला."

कानामागे हात धरून ऐकणारा फोर्कलिफ्टवाला ओरडला, "म्हणजे तो श्वास..."

"श्वासच होता. तुम्ही बरोबर बघितलंत. फक्त मेलेल्याचा नव्हता."

मग थोरल्यांना खोकला आला. एक, आणि दाबायला गेले तसा आणखी एक.

"अठरा, सतरा, अठरा," वहिनी हळूच म्हणाल्या. "जावईबापू, दारावरचा आकडा बोंब मारण्याआधीच विझला होता. आणि मेन स्विच तर तुम्ही म्हणता बोंब ऐकून पाडलात. नळी परत जोडली की आकडा दोनवर येणार, तो कुणी बघू नये म्हणून तो आधी विझवावा लागला."

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. "आई म्हणता ना मला? सांगा."

थोरले खुर्चीत बसले. "खोकला आला तेव्हा वाटलं, फसलं. तो दाराशीच होता. आकडा उतरलेला बघितला असता तर परत फिरला असता. म्हणून मग मी श्वास धरला." ते कुणाकडेच बघत नव्हते. "छाती फुटायला आली. दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत धरला."

भिंतीशी उभी लेक इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "मग सोडलात?"

"सोडला."

तिनं मान हलवली, हिशेब लागल्यासारखी, आणि बाहेर गेली.

—

पोलिसांची गाडी गेल्यावर अंगणात तिघंच उरली.

"सुटलात तुम्ही," भावजी कंपायलरवालीला म्हणाले. "आता तरी रंग येऊ द्या चेहऱ्याला."

"सुटले," ती म्हणाली. "त्यानं स्विच लावला होता म्हणून. नसता लावला, तर सकाळपासून तो आकडा वीस पॉइंट नऊ म्हणत बसला असता, आणि थोरल्यांना काहीच करावं लागलं नसतं." तिनं वहिनींकडे पाहिलं. "पुढच्या आठवड्यात ही आवृत्ती सगळ्यांना जाणार आहे. बघतो म्हणून खरंच न बघणारे किती असतील?"

"ते शोधून देणं माझ्या हातात नाही," वहिनी म्हणाल्या.

तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, वेगाबद्दल काहीतरी.

"नाही, पाठवू नका," ती म्हणाली. "एका डब्याला दोन चिठ्ठ्या कुठे आहेत ते आधी कंपायलरनं ओरडून सांगायला हवं. गाळायचं नंतर... लागू देत सहा महिने."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"छे, माझ्या कामात चूक नाही सापडली," ती म्हणाली. "ते बरोबर आहे. तेवढ्यानं भागत नाही."